शाळेची रजिस्टरे आणि रुईची गाठ

श्रोतेहो, दिवाळी आटोपली की आपल्या वऱ्हाडात घरोघरी कापूस येऊन पडतो. आधी ओसरी भरते, मग मधली खोली भरते, आणि शेवटी घरच्या माणसांनी बसावे कुठे असा प्रश्न पडतो. पाच क्विंटल कापूस एवढी जागा अडवून बसतो. तोच कापूस जिनात गेला, सरकी वेगळी निघाली, रुई प्रेसखाली दाबली गेली, की त्याची साधारण एक गाठ होते, 170 किलोची. ती कोपऱ्यात उभी करा, तिच्या अंगावर नंबर टाका, आणि पाहिजे तिकडे रवाना करा. 1867 साली रेल्वे नागपूरला पोचली, त्यानंतर अकोला, अमरावती, खामगाव ही गावे या गाठींच्या जोरावर किती वाढली हे तुम्हाला मी सांगायला नको.

आज माझा विषय मात्र संगणकाचा आहे. एकदम पुष्कळ नव्या फायली आल्या तर त्या संगणकाने कशा ठेवाव्यात, एवढाच तो विषय. ऐकायला शहरातला वाटेल, पण माझ्यापुढे तो आला दर्यापूरकडच्या एका खेड्यातल्या शाळेत, आणि आला तोही चांगलीच धडकी भरवून. शाळेचे नाव सांगत नाही. मास्तरांनीच तशी विनंती केली आहे.

त्या शाळेत जुनी दाखल-खारीज रजिस्टरे आहेत. शिक्षक मंडळींना या रजिस्टरांचे मोल ठाऊक आहे. कुणाच्या आजोबांची जन्मतारीख पाहिजे असते, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पुरावा लागतो, कुणाच्या सात-बाऱ्यावर एक नाव आणि शाळेत दुसरेच नाव असते. मग तो माणूस आधी कोतवाल बुकाची नक्कल शोधतो आणि तिथून शाळेच्या दारात येतो. रजिस्टराची पाने पिवळी पडलेली, कडा झिजलेल्या, काही ठिकाणी वाळवी लागलेली. दर वेळी ते उघडले की थोडे आणखी झिजते. तेव्हा मास्तरांनी ठरवले की सगळ्या नोंदी संगणकात टंकून घ्यायच्या. पाच हजारांवर नोंदी होत्या. दोन शिक्षक, गावातली तीन-चार शिकलेली मुले, आणि अधूनमधून मी, असे आम्ही संध्याकाळचे बसत असू.

प्रत्येक नोंदीची एक वेगळी छोटी फाइल करायची असे आम्ही ठरवले. तुम्ही म्हणाल, एकाच मोठ्या फायलीत सारे का घातले नाही? कारण असे की जुने अक्षर वाचताना मतभेद होतात. एकाला ‘रामराव’ दिसतो, दुसऱ्याला तिथेच ‘शामराव’ दिसतो. आज केलेला निर्णय उद्या बदलावा लागतो. अशा वेळी कोणत्या नोंदीत, कोणी, कधी, काय बदलले हे कायम राहिले पाहिजे. तलाठ्याकडे गाव नमुना सहा असतो, म्हणजे फेरफाराची नोंदवही. शेत विकले, वाटणी झाली, वारस लागला की तिथे फेरफार नंबर पडतो. जुने खोडून नवे लिहिले आणि विसरून गेले, असे तिथे चालत नाही. आम्हाला फायलींसाठी नेमका असाच नमुना सहा पाहिजे होता.

तसा प्रोग्राम आहे. त्याचे नाव गिट. 2005 सालच्या एप्रिलात लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या गृहस्थांनी तो लिनक्सच्या कामासाठी लिहिला, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आली. जगभरचे प्रोग्राम लिहिणारे आपला मजकूर त्यात ठेवतात. तो फुकट मिळतो, इंटरनेट नसले तरी चालतो, आणि साध्या जुन्या संगणकावरही चालतो. आम्हाला यापेक्षा जास्त काय पाहिजे होते?

आता हा गिट फाइल ठेवतो कशी ते थोडे सविस्तर सांगतो, कारण पुढचे सारे त्यावरच अवलंबून आहे.

तुम्ही गिटला म्हणालात, ‘ही फाइल घे’. या हुकमाला ‘ॲड’ म्हणतात. गिट त्या फायलीचा मजकूर घेतो आणि त्यावर एक ठरावीक गणित करतो. त्या गणितातून 40 अंकी नाव निघते. अंक म्हणजे शून्य ते नऊ आणि त्यापुढे इंग्रजी ए ते एफ ही अक्षरे. हे नाव मजकुरावरूनच निघते. मजकुरात एक काना कमी-जास्त झाला तरी नाव पार बदलते, आणि दोन फायलींचा मजकूर अगदी सारखा असेल तर दोघींचे नाव एकच निघते, मग ती वस्तू एकदाच ठेवली जाते. त्यानंतर गिट मजकूर दाबून लहान करतो आणि आपल्या कोठारात ठेवतो. कोठारात 256 खोल्या असतात. नावाचे पहिले दोन अंक म्हणजे खोलीचा नंबर, उरलेले 38 अंक म्हणजे खोलीतल्या फायलीचे नाव. गणितातून निघालेली नावे सगळ्या खोल्यांत सारखी विखुरतात. आडनावाप्रमाणे खोल्या केल्या असत्या तर आपल्याकडे देशमुखांची खोली पहिल्याच दिवशी भरली असती!

अशा रीतीने ठेवलेली प्रत्येक वस्तू सुटी असते. म्हणजे पाच फायली दिल्या तर पाच सुट्या वस्तू, आणि पाच हजार दिल्या तर पाच हजार. रोज चार-दोन फायली बदलणाऱ्या माणसाला हे फार सोयीचे आहे. वस्तू आणली, खोलीत टाकली, मोकळे झाले. पण आमच्यासारख्याने एका संध्याकाळी पाच हजारांची गाडी दारात उभी केली म्हणजे?

आधी जागेचे बघा. आमच्या एका नोंदीचा मजकूर दाबल्यावर चार-पाचशे बाइट होई. शाळेतला संगणक लिनक्सवर चालतो, आणि त्याची डिस्क जागा वाटते ती 4,096 बाइटच्या चौकटींनी. फाइल केवढीही लहान असो, तिला एक अख्खी चौकट मिळते. पाच हजार गुणिले 4,096, म्हणजे झाले सुमारे 20 एमबी. प्रत्यक्ष माल सव्वादोन एमबीचा! खरे तर आजच्या डिस्कवर 20 एमबी म्हणजे काहीच नाही, आणि एवढ्यासाठी मी तुमचा वेळ घेतला नसता. मोठी अडचण पुढे आहे.

ती अडचण म्हणजे वीज.

फाइल लिहिली असे संगणक म्हणतो तेव्हा ती डिस्कवर पोचलेली असतेच असे नाही. ती आधी स्मरणात राहते, आणि सवडीने डिस्कवर उतरते. बाजार समितीत माल काट्यावर चढला, पण पावती अजून फाडलेली नाही, अशातला हा प्रकार. पावती हातात पडेपर्यंत थांबायचे असेल तर प्रोग्रामने तसे स्पष्ट सांगावे लागते: ‘हे डिस्कवर खरोखर उतरव, आणि उतरल्यावर मला सांग.’ संगणकाच्या भाषेत याला ‘एफ-सिंक’ म्हणतात. याला वेळ लागतो. आणि लिनक्सवर गिटची मूळ सवय अशी की सुट्या वस्तूंसाठी तो ही पावती मागतच नाही. मागितली तर प्रत्येक वस्तूला थांबावे लागेल आणि काम रेंगाळेल, असा त्यामागचा विचार.

आमच्या शाळेत काय झाले असेल ते तुमच्या लक्षात आलेच असेल. संध्याकाळी साऱ्या नोंदींची ‘ॲड’ झाली. मुले टाळ्या वाजवून घरी निघाली. दोनच मिनिटांत वीज गेली. दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला तर गिट सांगू लागला की अमुक वस्तूची फाइल रिकामी आहे, तमुक वस्तूची फाइल रिकामी आहे. खोलीत नाव होते, आत काही नव्हते. वखारीत पोते दिसावे आणि हात घातला तर आत हवाच निघावी, तसे. अशा कितीतरी वस्तू निघाल्या. मास्तर खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

नशीब एवढे की टंकलेल्या मूळ फायली कित्येक दिवसांपासून डिस्कवर नीट उतरलेल्या होत्या. रिकाम्या निघालेल्या वस्तू काढून टाकल्या आणि मूळ फायली पुन्हा ‘ॲड’ केल्या, तेव्हा सारे जागेवर आले. मजकूर तोच असल्यामुळे नावेही तीच आली. पण मूळ फायली कुणी ‘आता गिटमध्ये आहेतच’ म्हणून पुसून टाकल्या असत्या तर? या विचाराने मला दोन रात्री झोप नव्हती.

त्या दिवशी शाळा व्यवस्थापन समितीतले एक वयस्कर गृहस्थ तिथे होते. सगळे त्यांना दादाजी म्हणतात. तरुणपणी त्यांनी अकोल्याच्या एका जिनात काम केले आहे. त्यांनी सारे निमूट ऐकून घेतले आणि म्हणाले, “मास्तर, हा त सुटा कापूस झाला ना! घरात भरून ठेवला, अन् मग म्हणता उडाला. याची गाठ काहून नाही बांधत?”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, “दादाजी, गिटमध्ये गाठ बांधता येते. पण ती मागाहून.”

“मागून काहून? पाच गाड्या दारात उभ्या असल्या त घरात कोण नेते? सरळ प्रेसवर न्या.”

श्रोतेहो, संगणकाचे काम करणारे लोक ज्या प्रश्नावर बरीच वर्षे डोके खाजवीत आहेत तो प्रश्न दादाजींनी एका वाक्यात घातला होता.

गिटची गाठ ही काय चीज आहे ते सांगतो. 2005 सालीच, पहिल्या काही महिन्यांत, गिटमध्ये ‘पॅक’ आला. पॅक म्हणजे शेकडो-हजारो वस्तू एका फायलीत एकामागून एक रचून ठेवायच्या, आणि सोबत एक सूची ठेवायची की कोणती वस्तू कुठून सुरू होते. मधली रिकामी जागा गेली. शिवाय पॅक सारखेपणाचाही फायदा घेतो. आमच्या प्रत्येक नोंदीत ‘विद्यार्थ्याचे नाव’, ‘जन्मतारीख’, ‘पूर्वीची शाळा’ हे शब्द तेच. तेव्हा एक नोंद पूर्ण ठेवायची आणि तिच्यासारख्या दुसरीचा फक्त फरक ठेवायचा, असे तो करतो. आणि महत्त्वाचे म्हणजे पॅक लिहून झाला की गिट त्याच्यासाठी पावती मागतो. पाच हजार वस्तूंमागे थांबणे जवळजवळ एकदाच.

मग गाठ बांधायची वेळ कधी येते? सुट्या वस्तू सुमारे 6,700 च्या वर गेल्या असे वाटले की गिट आपणहून बांधायला घेतो. पण हजारो वस्तू मोजत कोण बसणार? म्हणून तो फक्त ‘17’ नंबरच्या एकाच खोलीत डोकावतो. तिथे 27 हून अधिक वस्तू दिसल्या की धरून चालतो की 256 खोल्यांत मिळून 6,900 च्या आसपास असतील. शितावरून भाताची परीक्षा! व्यापारी गाडीत एका ठिकाणी हात खुपसून कापसाचा नमुना काढतो, तसेच हे. आमच्या पाच हजार वस्तू या हिशेबात बसल्याच नाहीत, म्हणून त्या सुट्याच पडून राहिल्या.

आता एक गंमत पाहा. हाच गिट दुसऱ्या संगणकाकडून माल घेतो तेव्हा वेगळा वागतो. बाहेरून येणारा माल गाठ बांधूनच येतो. त्यात 100 पेक्षा कमी वस्तू असतील तर गिट ती गाठ सोडून वस्तू सुट्या करतो. 100 किंवा अधिक असतील तर गाठ तशीच ठेवून घेतो. दुसऱ्या प्रणालींमधला जुना इतिहास गिटमध्ये आणण्यासाठी ‘फास्ट-इम्पोर्ट’ नावाचे अवजार आहे, तेही सरळ गाठच बांधते. 2011 च्या जूनमध्ये आलेल्या 1.7.6 या आवृत्तीपासून फार मोठी फाइल ‘ॲड’ केली तर तीही सुटी न ठेवता थेट पॅकमध्ये लिहिली जाते. मोठी म्हणजे मूळ हिशेबाने 512 एमबीच्या वरची. राहिला कोण? घरच्या माणसाने एकदम आणलेल्या हजारो लहान फायली. आमच्या शाळेच्या संगणकावरचा गिट त्या एकेक सुट्याच ठेवतो.

दादाजींचे म्हणणे मला शंभर टक्के पटले, असे मात्र नाही. प्रेस चालवायची म्हणजे पुरेसा माल लागतो. दर दहा किलो रुईची वेगळी गाठ बांधली तर वखारीत गाठींचीच गर्दी होईल. गिटमध्येही एक वस्तू शोधताना प्रत्येक गाठीची सूची चाळावी लागते. गाठी 50 च्या वर गेल्या की त्या सोडून एकत्र बांधण्याची वेळ आली असे गिट स्वतःच मानतो. शिवाय घाईत बांधलेल्या गाठीत सारख्या वस्तू शेजारी येतीलच असे नाही, म्हणजे फरक ठेवण्याचा फायदा हुकतो आणि पुढे कधीतरी पुन्हा बांधावी लागते. आणि चुकून ‘ॲड’ केलेली सुटी वस्तू झाडून टाकता येते, पण गाठीत गेलेली खराब रुई गाठ सोडल्याशिवाय निघत नाही. तेव्हा माझे मत असे की बाहेरच्या मालाला लावलेली शंभराची रेघ घरच्या मालालाही लावावी. चार-दोन वस्तू आल्या तर सुट्या ठेवा. गाडी आली तर सरळ प्रेसवर न्या.

दुसऱ्या एका वाटेने मात्र पुष्कळ काम झाले आहे. 2022 च्या जूनमध्ये गिटची 2.37 ही आवृत्ती आली. त्यात नीरज सिंग या अभियंत्यांनी लिहिलेली एक सोय आहे, तिचे नाव ‘बॅच’. वस्तू सुट्याच राहतात, पण पावती एकेकीची मागायची नाही. साऱ्या वस्तू आधी एका तात्पुरत्या खोलीत उतरवायच्या, प्रत्येकीला डिस्ककडे रवाना करायचे पण थांबायचे नाही, आणि शेवटी एकदाच डिस्कला बजावायचे की आता सारे पक्के कर. ते झाले की मगच वस्तू आपापल्या खोलीत न्यायच्या. मध्येच वीज गेली तर तात्पुरत्या खोलीतला पसारा वाया जाईल, पण खऱ्या कोठारात पोकळ पोते शिरणार नाही. त्या वेळी केलेल्या मोजणीत एका मॅक संगणकावर 500 फायलींना एकेक पावतीने 11 सेकंदांहून अधिक लागत होते. ‘बॅच’ने तेच काम अर्ध्या सेकंदाच्या आत झाले. सगळ्या संगणकांवर एवढा फरक पडत नाही. विंडोजवर तो बराच कमी निघाला होता.

शाळेत आम्ही आता काय करतो ते सांगतो, म्हणजे ज्या शिक्षकांना असे काम करायचे आहे त्यांना उपयोग होईल. ‘कोअर डॉट एफ-सिंक’ ही सेटिंग ‘कमिटेड’ अशी केली आहे, म्हणजे सुट्या वस्तूंसाठीही पावती मागितली जाते. ‘कोअर डॉट एफ-सिंक-मेथड’ ही सेटिंग ‘बॅच’ अशी केली आहे. मोठा गठ्ठा ‘ॲड’ करून ‘कमिट’ झाला, म्हणजे फेरफार नंबर पडला, की 6,700 ची वाट न पाहता आपल्या हाताने ‘गिट जी-सी’ हा हुकूम देतो. त्याने गाठ बांधली जाते. मग ती अमरावतीत एका शिक्षकांच्या घरच्या संगणकावर पाठवतो. तिकडची प्रत उघडून पाहिल्याशिवाय मूळ फायलींना हात लावायचा नाही, असे मास्तरांनी फळ्यावर लिहून ठेवले आहे, आणि ते कुणी पुसत नाही. इन्व्हर्टरही घेतला, पण इन्व्हर्टरच्या बॅटरीवर माझा फारसा भरवसा नाही.

हे सारे पार पडल्यावर एक दिवस दादाजी आले आणि म्हणाले, “माझ्या बापाचं नाव दाखवा बरं.” 1934 सालची नोंद होती. मुलाने ती लगेच काढली. दादाजींनी चष्मा पुसून वाचली आणि मान हलवली. त्यांच्या आजोबांचे नाव आम्ही चुकीचे वाचले होते. मूळ रजिस्टर आणले, भिंग लावले, तर त्यांचेच बरोबर निघाले. तिथल्या तिथे दुरुस्ती झाली, आणि दुरुस्ती कोणाच्या सांगण्यावरून झाली तेही लिहिले.

त्या दुरुस्तीने कोठारात तीन-चार नव्या वस्तू आल्या: नवी नोंद, ती जिथे आहे तिथल्या याद्या, आणि तो फेरफार. दादाजींनी विचारले, “याची गाठ?”

मी म्हणालो, “नाही दादाजी. एवढ्याशा मालाला प्रेस चालवीत नाहीत. पुढल्या सुट्टीत दुसरे रजिस्टर घेऊ, तेव्हा त्याच्याबरोबर बांधू.”